नागीण, हर्पीस आणि कॅन्सरची भीती

सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगार महिलांचे मोठे घरकुल आहे. गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या या वसाहतीत १० हजार घरे आहेत. गेल्या महिन्यात तिथल्या एका ओळखीच्या आपांकडे आम्ही गेलो होतो. पन्नाशी ओलांडलेल्या आपा एरवी मांडीवर सूप घेऊन दारातच विड्या वळत बसतात. त्या दिवशी त्या आत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांचे ताट, वाटी, पेला वेगळा ठेवलेला.

बरगडीच्या एका बाजूला पाण्याचे फोड उठले होते. शेजारणींनी पाहताक्षणीच नागीण ओळखली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले, ‘हर्पीस झोस्टर’. बारावीतल्या नातवाने मोबाईलवर नुसते ‘हर्पीस’ शोधले आणि दोन गोष्टी घरात आल्या. एक, हा वाईट वर्तनातून होणारा आजार आहे. दुसरी, या विषाणूंमुळे कॅन्सर होतो. घर एकदम गप्प झाले. आपा आम्हाला म्हणाल्या, “या वयात हे नाव माझ्या वाट्याला का? लोकांना तोंड कसं दाखवू?”

वाचकहो, असा प्रसंग कुणाच्याही घरी येऊ शकतो. म्हणून दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

हर्पीस हे एका विषाणूचे नाव नाही, घराण्याचे नाव आहे. माणसाला होणारे त्यातले आठ-नऊ विषाणू माहीत आहेत. लैंगिक संबंधातून पसरणारा आजार त्यातल्या एका शाखेचा. नागीण दुसऱ्याच शाखेची. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. वय वाढले, अशक्तपणा आला, की तोच जागा होऊन एका नसेच्या वाटेने वर येतो. म्हणूनच नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला उठते. तिची दोन तोंडे मिळाली की माणूस जातो, ही समजूत खोटी आहे. आपांच्या चारित्र्याशी या फोडांचा काडीचाही संबंध नाही.

आता कॅन्सर. या घराण्यातल्या दोन विषाणूंचा कॅन्सरशी संबंध सिद्ध झाला आहे. कांजिण्यांचा विषाणू त्यात नाही. पहिला १९६४ साली सापडला. डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने युगांडातल्या मुलांच्या जबड्यातील गाठींचे वर्णन केले होते. त्या गाठींच्या पेशींत एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना हा विषाणू दिसला. त्याला ईबीव्ही म्हणतात. दुसरा चँग आणि मूर यांना १९९४ साली एड्सच्या रुग्णांतील कपोसी सार्कोमा या गाठींत सापडला.

ईबीव्ही लाळेतून पसरतो. जगातल्या शंभरांपैकी नव्वदहून अधिक प्रौढांत तो आहे, म्हणजे बहुधा आमच्यात आणि तुमच्यातही. तो रक्तातील बी पेशींत झोपतो. डीएनएचे छोटे कडे होऊन पेशीच्या केंद्रात राहतो. पेशी दुभंगली की कडीही दोन होतात. त्याची जवळजवळ सगळी जनुके बंद असल्याने शरीराच्या पहारेकऱ्यांना तो दिसत नाही.

तो जागा कसा होतो? बाहेरचा जंतू आला की बी पेशी प्रतिपिंडे तयार करणारी पेशी बनते. त्या बदलात विषाणूचे एक जनुक सुरू होऊन झेब्रा नावाचे प्रथिन तयार होते. नको असलेली जनुके बंद ठेवण्यासाठी पेशी त्यांवर मिथाइलचे बारीक टिकले लावते. झेब्रा नेमके हेच टिकले ओळखून तिथे बसते आणि जनुक चालू करते. पेशीने लावलेल्या कुलपाचाच ते आधार घेते. मग विषाणूच्या असंख्य प्रती निघतात आणि पेशी मरते.

मरणाऱ्या पेशीची गाठ होत नाही. त्यामुळे कॅन्सरच्या गाठीत हा विषाणू बहुतांशी झोपलेलाच सापडतो. झोपेतही तो काही प्रथिने चालू ठेवून पेशीला ‘मरू नकोस, वाढत राहा’ असा निरोप देत असतो. निरोगी शरीर अशा पेशी संपवते. एचआयव्ही, अवयव बदलल्यानंतरची औषधे किंवा वारंवारचा मलेरिया यांनी पहारा ढिला पडला की धोका वाढतो. विषाणू पुनःपुन्हा जागा होणेही वाईट, कारण त्यातून तो नव्या पेशींत शिरतो. सिगारेटच्या धुराचा अर्क ईबीव्हीला जागे करतो, असे चिनी संशोधकांना २०१२ मध्ये आढळले.

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात तपासलेल्या हॉजकिन लिम्फोमाच्या बहुसंख्य गाठींत ईबीव्ही मिळाला. पण हा कॅन्सर वेळेवर उपचार घेतल्यास बहुतेकदा बरा होतो. झोपलेल्या विषाणूवर विषाणूविरोधी औषध चालत नाही. म्हणून त्याला मुद्दाम उठवून मारण्याचा प्रयत्न सुरू आहे. इतर उपाय थकलेल्या १५ रुग्णांवर असा प्रयोग झाला. २००७ मध्ये त्याचा अहवाल आला, तेव्हा १० जणांच्या गाठी कमी झाल्या किंवा नाहीशा झाल्या होत्या.

विषाणू अंगात असणे वेगळे आणि कॅन्सर होणे वेगळे. बायकांनी ज्याची तपासणी करून घ्यावी तो एचपीव्ही, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषाणू. तो हर्पीस घराण्यातला नाही. आपल्याच जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलबरोबर शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी मिळाली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

नागिणीचे फोड उठले तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे. नागीण उतरवणाऱ्याकडे ते तास घालवू नयेत. खपल्या धरेपर्यंत फोड झाकावेत. गरोदर बाई, तान्हे मूल आणि कांजिण्या न झालेली मुले यांना तोवर लांब ठेवावे. ताट वेगळे करण्याची गरज नाही. ओठावर पाण्याचे फोड असतील तर मात्र नवजात बाळाचा मुका घेऊ नये. तो विषाणू बाळाच्या जिवावर बेतू शकतो. अशा वेळी तहनीकचा मानही घरातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याला द्यावा.

आम्ही हे सगळे आपांच्या खाटेशी बसून सांगितले. नातू मान खाली घालून ऐकत होता. सून काही बोलली नाही. उठली आणि आपांचे ताट नेऊन इतर ताटांत ठेवले.