ड तुकडी

परवा शनिवारी सकाळी ताईचा अमेरिकेहून फोन आला. आवाज पडलेला. भाचा दुसरीत आहे. शाळेचं पत्र आलं होतं की वाचनासाठी त्याला 'टिअर टू'मध्ये घेतलंय.

"म्हणजे काय रे? ड तुकडी का?"

मी एकदम गप्प झालो. आमच्या शाळेत चौथीच्या मार्कांवर पाचवीच्या तुकड्या पडायच्या. मी 'अ'मध्ये गेलो, माझ्या शेजारी बसणारा मित्र 'ड'मध्ये. त्याचं भांडण फक्त भागाकाराशी होतं हो! पण दहावीपर्यंत तो 'ड'मध्येच राहिला, आणि भागाकारही तिथेच राहिला.

असो. तर हे टिअर प्रकरण आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना समजायला सोपं आहे. एल वन, एल टू, एल थ्री सपोर्टच म्हणा ना. पहिल्या थरात सगळा वर्ग, रोजचं चांगलं शिकवणं. तेवढ्याने ज्यांचं भागत नाही, त्यांना दुसऱ्या थरात चार-पाच जणांच्या गटात जादा सराव. त्यानेही जमलं नाही तर तिसरा थर, जवळजवळ एकेकट्याला शिकवणं. वागणुकीचंही तसंच. सारखा वर्गाबाहेर काढला जाणारा मुलगा रोज सकाळी एका ठरलेल्या शिक्षकाला भेटतो, दिवसभर प्रत्येक तासाला त्याच्या कार्डावर गुण मिळतात, आणि घरी जाताना तो ते कार्ड त्याच शिक्षकाला दाखवतो.

फरक एकच. आपल्याकडे तिकीट कस्टमर उघडतो. सात वर्षांचं पोर तिकीट उघडत नाही. ते गप्प बसतं, नाहीतर मस्ती करतं. म्हणून शाळेनेच मॉनिटरिंग करायचं. वर्षातून साधारण तीनदा सगळ्यांची छोटी चाचणी, आणि मागे पडलेल्यांची दर आठवड्या-दोन आठवड्यांनी. एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले, इतकी साधी.

पूर्वी तिथेही हे नव्हतं. मुलाचा बुद्ध्यांक आणि वाचन यांत मोठी दरी दिसेपर्यंत थांबायचे, म्हणजे सर्व्हर पूर्ण झोपल्यावर धावायचं! 2004 च्या कायद्याने ही दरी दाखवायची सक्ती राज्यांना करता येणार नाही असं ठरलं, आणि मदतीला मूल कसा प्रतिसाद देतं हे पाहायची वाट मोकळी झाली.

मग सगळं आलबेल? नाही. 2015 साली अमेरिकी शिक्षण खात्याने एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. त्यात पहिलीची जी मुलं काठावर मागे होती आणि जादा मदतीत घातली गेली, त्यांचं वाचन उलट थोडं खालावलेलं आढळलं. माझ्या मते गोम इथेच आहे. गट पाडणं सोपं आहे. जादा तास नेमका वर्गात वाचन चालू असतानाच ठेवला, किंवा मुलाला भलतंच शिकवलं, तर ती मदत कसली?

आपल्याकडे 'प्रथम' संस्थेने हेच वेगळ्या रीतीने केलं. मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट, यातलं काय वाचता येतं ते पाहायचं, आणि इयत्ता विसरून त्या पातळीचे गट करायचे. मूल पुढे सरकलं की गट बदलतो. याउलट 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी-आठवीत नापास करायची मुभा मिळाली. पण पाचवीत नापास होणारा मुलगा दुसरीतच अडकलेला असतो. तीन वर्षं कुणी बघितलं नाही, त्याची शिक्षा त्याला?

माझं म्हणणं इतकंच. तुकडी आणि टिअर यांत फरक परतीच्या वाटेचा आहे. वाट नसेल, तर नाव काहीही द्या, ती ड तुकडीच.

ताईला म्हटलं, रडू नकोस, शाळेला चार प्रश्न विचार. नेमकं काय अडतंय? किती आठवडे? वर्गातला कुठला तास बुडणार? आणि किती जमलं की तो बाहेर येणार? उत्तरं लेखी माग.

दिवाळीत तो मित्र भेटला होता. स्वतःचं गॅरेज आहे, उत्तम चालतं. मुलाच्या अभ्यासाचं विचारलं तर हसून म्हणाला, "बाकी सगळं घेतो मी. भागाकार आला की बायकोकडे पाठवतो."