‘अवॉर्ड’ कुणाचे?



शहरात ‘अवॉर्ड’ म्हणजे बक्षीस, पारितोषिक, पुरस्कार. भूसंपादनाच्या कागदावर तोच शब्द आला की अर्थ होतो निवाडा: जमीन गेली, एवढे पैसे घ्या! १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण झाले. रहाटणीच्या रानांना १८९४ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने हेच ‘बक्षीस’ मिळाले. २०१३ साली कायदा बदलला, शब्द तोच राहिला.

उद्या आपल्या कपाशी-ज्वारीच्या रानाची पाळी आली, तर अवॉर्ड गोड मानून अंगठा उठवू नका. या नव्या कायद्याखाली संपादन असेल आणि मोबदला मान्य नसेल, तर ‘हरकत राखून’ असे लिहूनच पैसे घ्या. निवाड्याच्या वेळी हजर असाल, तर सहा आठवड्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज टाका.

बक्षीस नको, घामाचे दाम द्या!