पॉइंट्स नकोत, सीट द्या

आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर क्रिकेट आणि पगारवाढीच्या खालोखाल कशावर बोललं जात असेल, तर पॉइंट्सवर. कुठल्या कार्डावर किती मिळतात, ते कुठल्या एअरलाइनकडे वळवले की जास्त फायदा, कुठल्या लाउंजमधला डोसा बरा असतो. ही मंडळी हुशार आहेत आणि यात कुणी चोरी करत नाही. माझं भांडण त्यांच्याशी नाही. या सगळ्या व्यवहाराला जे नाव दिलंय, त्याच्याशी आहे. लॉयल्टी. म्हणजे निष्ठा.

मी नांदेडचा, नोकरी पुण्यात. मध्ये सुमारे साडेचारशे किलोमीटर. रात्रीची ट्रॅव्हल्स, दहा-अकरा तासांचे धक्के, सकाळी आंबलेलं अंग. नांदेडची, लातूरची, परभणीची पोरं वर्षानुवर्षं याच रस्त्यांनी ये-जा करतात आणि दिवाळीला मागतील ते भाडं मुकाट देतात. निष्ठा मोजायचीच असेल तर ती इथं मोजा. पण या निष्ठेचा एक पॉइंट आजवर कुणाच्या खात्यात पडलेला नाही.

विमान कंपन्यांची निष्ठा एकतर्फी असते. ती प्रवाशाकडून मागितली जाते, पण गावाला दिली जात नाही. नांदेड-लातूरला पॉइंट्स देऊन काहीही साधणार नाही. इथं हवी आहे ठरलेल्या वेळेची, ठरलेल्या दराची, खात्रीची सीट. आणि ती देणं सरकारला आणि कंपन्यांना शक्य आहे.

पॉइंट नेमका कुणाच्या पैशाचा?

अमेरिकेनं १९७८ साली विमानसेवेवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. कंपन्यांमध्ये भाडी कमी करायची चढाओढ लागली. तेव्हा गिऱ्हाईक भाडं बघून दुसरीकडे पळू नये म्हणून अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजना आणली. जितके मैल उडाल तितके मैल खात्यात. पुढे मैल मोजणं मागे पडलं आणि पैसे मोजणं सुरू झालं. डेल्टानं २०१५ पासून, आपल्याकडे एअर इंडियानं २०२४ पासून पॉइंट्स भाड्याच्या रकमेवर द्यायला सुरुवात केली. थोडक्यात, तुमची निष्ठा आता रुपयांत मोजतात.

बरं, हे रुपये कुणाचे? महिन्यातून चार वेळा बंगळुरू-दिल्ली करणारा मॅनेजर स्वतःच्या खिशातून तिकीट काढत नाही. तिकीट कंपनी काढते, बिल क्लायंटला लागतं आणि पॉइंट्स मॅनेजरच्या खात्यात जमा होतात. त्या पॉइंट्सवर तो बायकापोरांना गोव्याला नेतो. भाडं भरणारा एक आणि बक्षीस घेणारा दुसरा, अशा योजनेत महाग तिकीट बघून कुणाला वाईट वाटेल? कंपन्यांना नेमकं हेच हवं असतं.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. सरकारी कामाच्या प्रवासात मिळालेले पॉइंट्स पुन्हा सरकारी प्रवासासाठीच वापरावेत, असे आदेश केंद्र सरकारनं आपल्याच कर्मचाऱ्यांना दिलेले आहेत. जर्मनीत २००२ साली खासदारांनी सरकारी दौऱ्यांतले मैल खासगी सहलींना वापरल्याचं उघड झालं, तेव्हा ग्रेगोर गीझी यांनी बर्लिन राज्याचं मंत्रिपद सोडलं. तिथं तो गैरव्यवहार ठरला. आपल्या ऑफिसात त्याला ‘स्मार्ट ट्रॅव्हल’ म्हणतात.

उरले कार्डावरचे पॉइंट्स. ‘हे तर फुकट असतात,’ असं सगळे म्हणतात. लातूरच्या गंजगोलाईत कुणी क्रेडिट कार्ड स्वाइप केलं की दुकानदाराच्या पैशातून साधारण दोन टक्के कापले जातात. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो आणि त्यातून ती तुमच्यासाठी पॉइंट्स विकत घेते. दुकानदार काय करतो? जमेल तेवढं मालाच्या किमतीत चढवतो. तीच किंमत नोटा मोजून देणारी बाईही देते आणि यूपीआय करणारा विद्यार्थीही देतो. यूपीआयवर २०२० पासून दुकानदाराला शुल्क शून्य आहे, तरी त्या विद्यार्थ्याला माल स्वस्त मिळत नाही. लाउंजमधल्या डोशाला थोडा हातभार त्याचाही लागलेला असतो.

हा धंदा केवढा आहे, ते कोविडमध्ये दिसलं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर असताना अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सनं आपली ‘मायलेजप्लस’ योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. विमानं उडत नव्हती, पण पॉइंट्सवर कर्ज मिळत होतं.

‘अल्गोरिदम ठरवतो’ म्हणजे कोण ठरवतं?

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे ‘भाडं सिस्टिम ठरवते’ हे वाक्य कुणी तोंडावर फेकलं की मला हसू येतं. सिस्टिमला नियम कुणीतरी दिलेला असतो.

तो नियम सोपा आहे. विमानातल्या सीट वेगवेगळ्या दरांच्या कप्प्यांत टाकतात. स्वस्त कप्पा संपला की पुढचा उघडतो, आणि जाण्याचा दिवस जवळ येईल तसा सगळ्यात महाग कप्पा शिल्लक राहतो. यामागचा अंदाज असा, की शेवटच्या क्षणी तिकीट काढणारा माणूस धंद्याच्या कामाला निघालाय, भाडं त्याची कंपनी देणार आहे, म्हणजे कितीही लावा.

मुंबई-दिल्लीला हा अंदाज बऱ्यापैकी बरोबर असेल. नांदेडला शेवटच्या क्षणी कोण निघतं? ज्याच्या घरी मयत झाली तो. ज्याच्या वडिलांना हैदराबादच्या दवाखान्यात हलवायचंय तो. जिला परवा इंटरव्ह्यूला या असा फोन आला ती. यांच्यापैकी कुणाच्याही मागे बिल भरणारी कंपनी नसते. सिस्टिमला मात्र सगळे सारखेच दिसतात. मॅनेजरला जादा भाड्याबरोबर जादा पॉइंट्स मिळतात. मयतीला निघालेल्याला फक्त जादा भाडं मिळतं.

यावर लगेच उत्तर येतं: ‘मग आधी बुक करायचं ना.’ वडिलांचा हार्ट अटॅक तीन आठवडे आधी बुक करता येत नाही, मित्रा.

गावाशी निष्ठा कुणी ठेवली?

आता उलट बाजूनं बघू. गिऱ्हाइकाकडे निष्ठा मागणाऱ्या या धंद्यानं नांदेडशी कशी निष्ठा ठेवली?

२००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं नांदेडचं विमानतळ नव्यानं उभं राहिलं. किंगफिशरची विमानं आली. २०१२ मध्ये किंगफिशरच बुडाली. मग आली उडान योजना. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी शिमल्याहून योजनेचा आरंभ केला. त्या दिवशी हिरवा झेंडा मिळालेल्या पहिल्या मार्गांत नांदेड-हैदराबाद होता. हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसावा, हे तेव्हाचं वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ट्रूजेटची एटीआर विमानं सुरू झाली, डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियानं अमृतसरची सेवा आणली. सचखंड गुरुद्वाऱ्याला येणाऱ्या भाविकांची सोय झाली. पुढे एअर इंडिया गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटही थांबली. २०२४ मध्ये स्टार एअर आली. ती राहावी अशी मनापासून इच्छा आहे. पण इतिहास पाहून नांदेडचा माणूस नवं विमान आलं की टाळ्या वाजवतो आणि मनात म्हणतो, बघू किती दिवस.

लातूरच्या नशिबी तर बघू म्हणण्याइतकंही नाही. तिथं धावपट्टी आहे. २००९ मध्ये नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती अशी पाच विमानतळं ९५ वर्षांच्या करारानं रिलायन्सच्या कंपनीकडे दिली गेली. पुढे ती परत घ्यायची भाषा सरकारनंच केली. देशभरातून पोरं नीटची तयारी करायला लातुरात येतात, हजारो कुटुंबं इथं खोल्या भाड्यानं घेऊन राहतात, आणि लातूरहून नियमित प्रवासी विमान एकही नाही.

हे दोनच गावांचं रडगाणं नाही. कॅगनं २०२३ च्या अहवालात उडानचा हिशेब मांडला. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले, त्यातले ३७१ सुरू झाले, ११२ नी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ मध्ये चालू होते फक्त ५४. शंभरातले सात. सबसिडी असेपर्यंत निष्ठा, संपली की रामराम.

‘मार्केट आहे, चालायचंच’

इथं समोरचा म्हणेल, प्रवासीच नसतील तर कंपनीनं विमान रिकामं उडवायचं का? प्रश्न रास्त आहे. रिकामं उडवू नका. पण गिऱ्हाईक जमायला वेळ लागतो, आणि ज्या विमानाचं वेळापत्रक दर सहा महिन्यांनी बदलतं त्याच्यावर कुणी दवाखान्याची अपॉइंटमेंट ठरवत नाही. भरवसा नाही म्हणून प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून सेवा बंद. या चक्राची सुरुवात प्रवाशानं केलेली नाही.

दुसरं उत्तर असतं की भाडं सरकार ठरवू शकत नाही. खरंच? मे २०२० ते ऑगस्ट २०२२ सरकारनंच विमानभाड्याच्या खालच्या-वरच्या मर्यादा ठरवल्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली, बाकीच्यांची भाडी आभाळाला भिडली, तेव्हा सरकारनं लगेच ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये अशी कमाल मर्यादा लावली. मोठ्या शहरांतली माणसं एअरपोर्टवर अडकली की दर ठरवता येतो. मग एरवी काय अडचण असते?

महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये खासगी ट्रॅव्हल्सला एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घ्यायला मनाई केली. दिवाळीत तो नियम कसा पाळला जातो हे तुम्हाला-मला माहीत आहे, पण निदान तत्त्व तरी मान्य झालं: माणसाच्या गरजेची किंमत अमर्याद लावता येत नाही.

आणि सवलत कुणाला द्यायची, हे एसटीकडून शिकावं. लाल डब्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण ७५ वर्षांवरच्या म्हातारीला ती २०२२ पासून फुकट नेते आणि २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात. तुम्ही याआधी किती खर्च केलात, हे कंडक्टर विचारत नाही. उलट रेल्वेनं मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली ती कायमचीच. त्याबद्दल जेवणाच्या टेबलावर कुणी हळहळलेलं मी ऐकलं नाही. लाउंज अ‍ॅक्सेस चारवरून दोनवर आला की मात्र आठवडाभर सुतक असतं.

गंमत बघा. इंडिगो २००६ मध्ये सुरू झाली आणि पॉइंट्सची स्वतःची योजना तिनं आणली २०२४ मध्ये. मधली अठरा वर्षं तिनं असली निष्ठा विकत न घेता देशातली सगळ्यात मोठी कंपनी होऊन दाखवलं, ते दर आणि वेळ यांच्या जोरावर. प्रवाशाला काय हवं असतं, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

मग करायचं काय?

नॉर्वे हा श्रीमंत, बाजारपेठ मानणारा देश. तिथं २००२ ते २०१३ देशांतर्गत विमानप्रवासावर पॉइंट्स द्यायला बंदी होती, कारण मोठ्या कंपनीचे पॉइंट्स छोट्या स्पर्धकाला उभं राहू देत नाहीत, असं तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाचं मत होतं. त्याच देशात डोंगरदऱ्यांतल्या छोट्या गावांच्या विमानसेवेसाठी सरकार निविदा काढतं. रोज किती फेऱ्या, जास्तीत जास्त भाडं किती, हे करारातच लिहिलेलं असतं. कराराची मुदत संपली की पुन्हा निविदा निघते. गाव वाऱ्यावर सुटत नाही.

आपल्या उडानमध्येही दराला मर्यादा होती, साधारण तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये. पण ती साधारण निम्म्या सीटना. त्या सीट जो आधी येईल त्याच्या. म्हणजे निवांत बेत आखणाऱ्याला स्वस्त, आणि रात्री फोन आलेल्याला उरलेला महाग कप्पा. दर बांधला, पण ज्याला गरज होती त्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही.

२०१७ मध्ये लातूर-मुंबई एक्सप्रेस बिदरपर्यंत वाढवली, तेव्हा लातूरकर आंदोलनाला उतरले होते. बाहेरच्यांना ते विचित्र वाटलं, एका गाडीसाठी एवढं? पण रात्री बसलं की सकाळी मुंबई, ही खात्री हातातून जात होती, आणि त्या खात्रीसाठी लोक भांडत होते. विमानासाठी असं कुणी भांडत नाही, कारण ते आपलं आहे असं अजून कुणाला वाटलेलंच नाही.

आपण आता ते वाटून घ्यायला हवं. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक मार्गावर करार किमान पाच वर्षांचा असावा आणि मधेच सोडून जाणाऱ्याला दंड असावा. सरकारी पैशानं काढलेल्या तिकिटांचे पॉइंट्स सरकारी खात्यातच जमा व्हावेत, आणि ते खरंच तिथं जातात का हे जाहीर व्हावं. तिसरी मागणी सगळ्यात छोटी. नांदेडला येणाऱ्या स्टार एअरच्या एम्ब्रेअर विमानात ७६ सीट असतात. त्यातल्या पाच सीट उड्डाणाच्या दिवसापर्यंत ठरलेल्या दरात राखून ठेवा: मयतीसाठी, दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी. रिकाम्या राहिल्या तर शेवटच्या तासात हव्या त्या दरानं विका, आणि उरलेला तोटा सरकारनं भरून द्यावा. याचा कोड लिहायला माझ्यासारख्या माणसाला फार दिवस लागणार नाहीत. नियम द्यायला कुणीतरी तयार व्हायला हवं.