तारीख विचारू नका, वही बघा

"दहा ओळींची स्क्रिप्ट आहे, अर्ध्या तासात होईल." हे वाक्य आयुष्यात एकदाही न म्हटलेला इंजिनिअर कुणाला माहीत असेल तर मला दाखवा, त्याला माझ्याकडून कांदाभजी आणि कटिंग. मी स्वतः ते कितीतरी वेळा म्हटलंय. पण परवा आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने ते मला ऐकवलं आणि पोटात गोळाच आला. काम काय, तर रोज रात्री एका सर्व्हरवर एक फाईल येते, फाईलच्या नावात तारीख असते, ती फाईल सकाळपर्यंत आपल्याकडे उतरवून घ्यायची. बस्स.

त्या मुलाला मी जे सांगितलं (आणि ज्यावरून ऑफिसखालच्या टपरीवर आमचं रीतसर भांडण झालं) तेच आज शनिवारचा मुहूर्त साधून लिहितोय. माझं म्हणणं एका ओळीत: आजच्या तारखेवरून फाईलचं नाव बनवणारी आणि तेवढीच फाईल मागणारी स्क्रिप्ट चुकीची आहे. थोडी कच्ची वगैरे नाही, चुकीची.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. माती खाल्ली आहे, म्हणून सांगतोय.

नोकरीला लागून वर्ष होत आलं होतं. आमचा क्लायंट कर्ज देणारी एक कंपनी. दुचाकी, फ्रिज, मोबाईल अशी छोटी छोटी कर्जं. कुणी हप्ता भरला, किती भरला, याची फाईल बँक रोज रात्री आपल्या सर्व्हरवर ठेवायची. ती उतरवायचं काम आमच्याकडे एक वयस्कर ऑपरेटर करायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. काका पहाटे साडेपाचला यायचे, सर्व्हरवर जायचे, फाईल उतरवायचे आणि एका लाल कव्हरच्या वहीत तारखेसमोर बरोबरची खूण करायचे. वही! दोन हजार वीस उलटून गेल्यावर! आम्ही पोरं त्या वहीवर मनसोक्त हसायचो.

मग मी ती सुप्रसिद्ध दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. कालची तारीख काढ, त्यावरून फाईलचं नाव बनव, फाईल उतरव, पुढच्या प्रोग्रामला दे. क्रॉनमध्ये पहाटे चारची वेळ लावली. मॅनेजरने कौतुकाची मेल सगळ्यांना पाठवली. क्लायंटसमोरच्या प्रेझेंटेशनमध्ये 'वाचलेले मनुष्यतास' म्हणून एक आकडा झळकला. काकांना दुसऱ्या कामावर हलवलं. वही ड्रॉवरमध्ये गेली.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सुट्टीनंतर बँकेची फाईल चारच्या आत आलीच नाही, सकाळी सातला आली. माझ्या स्क्रिप्टने चार वाजता बघितलं, फाईल नव्हती, ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा उठली आणि 'कालची' फाईल मागितली. ती मिळाली. अधली फाईल? ती बिचारी सर्व्हरवर तशीच पडून राहिली. ती मागणारं कुणी उरलंच नव्हतं. पुढच्या प्रोग्रामने त्या दिवशी शून्य नोंदी आल्या असं मानून काम यशस्वी झाल्याचा संदेश दिला. कुठेही लाल दिवा नाही.

त्या फाईलमध्ये ज्यांचे हप्ते होते ते सगळे सिस्टीमच्या लेखी थकबाकीदार झाले. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. आम्हाला कळलं पाचव्या दिवशी, जेव्हा तक्रारींचे कॉल आमच्याकडे ऐकायला आले. त्यातला एक माणूस अजून आठवतो. तो चिडलेला नव्हता, नुसता ओशाळलेला होता. "साहेब, मी भरलेत पैसे, पावती आहे माझ्याकडे, तुमचा माणूस माझ्या दुकानात येऊन सगळ्यांसमोर बोलून गेला," एवढंच परत परत सांगत होता. माझ्या दहा ओळींनी कुणाचा तरी चारचौघांत अपमान केला होता.

मी काकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अरे, उशिरा आली असेल ती. सुट्टीनंतर येतेच उशिरा. वहीत त्या तारखेपुढे खूण नसती ना, मग मी परत जाऊन बघितलं असतं."

ते वाक्य ऐकल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काका 'आज तारीख काय' असं कधी विचारतच नव्हते. ते विचारायचे, 'माझ्याकडे काय यायचं राहिलंय?' मी त्यांचे हात ऑटोमेट केले होते आणि डोकं ड्रॉवरमध्ये टाकलं होतं.

आता कुणी म्हणेल, ही तुझी नवखेपणाची चूक, एवढं तत्त्वज्ञान कशाला? ठीक आहे. माझं सोडा, सगळ्यांना खुलं असलेलं उदाहरण घेऊ. शेअर बाजाराची भावकॉपी. रोजच्या व्यवहारांच्या भावांची ही फाईल राष्ट्रीय शेअर बाजार प्रसिद्ध करतो आणि तिच्या नावात तारीख असते. ती उतरवणारी स्क्रिप्ट लिहिली नाही असा शेअरवेडा इंजिनिअर विरळाच. पहिला नियम सगळे हाच लावतात: सोमवार ते शुक्रवार फाईल, शनिवार-रविवार सुट्टी. सोपं आहे की नाही?

मग १२ नोव्हेंबर २०२३ ला काय झालं? रविवार होता, पण लक्ष्मीपूजन होतं. मुहूर्ताचे सौदे झाले. २० जानेवारी २०२४, शनिवार, बाजार पूर्ण वेळ चालू आणि त्यानंतरचा सोमवार बंद. २० मे २०२४, सोमवार, मुंबईत लोकसभेचं मतदान, बाजार बंद. २० नोव्हेंबर २०२४, बुधवार, विधानसभेचं मतदान, बंद. १ फेब्रुवारी २०२५, शनिवार, अर्थसंकल्प, चालू.

"मग सुट्ट्यांची यादी घालू की स्क्रिप्टमध्ये!" टपरीवर हेच उत्तर आलं. घाला. २०२३ मध्ये बकरी ईदची बाजाराची सुट्टी आधी २८ जूनला जाहीर झाली होती, ती ऐनवेळी २९ जूनला गेली. जानेवारीत यादी भरून निवांत झालेल्या स्क्रिप्टने काय करायचं? चंद्राला ई-मेल पाठवायची?

आणि नावाचं काय? जुन्या भावकॉपीच्या नावात आधी दिवस, मग महिन्याची तीन इंग्रजी अक्षरं, मग वर्ष असायचं. जुलै २०२४ मध्ये नवा साचा आला. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, सगळं आकड्यांत. हा बदल चांगलाच आहे. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून हेच सांगतंय, कारण असं नाव ठेवलं की नावानुसार लावलेली यादी आपोआप तारखेनुसार लागते. (जुन्या पद्धतीत एप्रिल जानेवारीच्या आधी यायचा, सांगणार कुणाला!) पण जुन्या साच्याचं नाव बनवत बसलेल्या स्क्रिप्टला त्या दिवसापासून 'सापडली नाही' एवढंच उत्तर मिळू शकत होतं, आणि 'सापडली नाही' म्हणजे 'आज सुट्टी' असं ती आधीपासूनच समजत असेल तर आनंदच.

शिवाय तारीख काढणं हे प्रकरण दिसतं तितकं साधं नाही. ज्यांनी हे खड्डे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी तीनच सांगतो.

एक. टर्मिनलवर सुरेख चालणारी डेट कमांड तशीच उचलून क्रॉनटॅबच्या ओळीत टाकली की बंद पडते, कारण क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ 'नवी ओळ' असा होतो. त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. तारखेच्या साच्यात तर टक्केच टक्के.

दोन. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असेल तर आपल्याकडे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात त्याच्या लेखी अजून कालचाच दिवस चालू असतो. पहाटे चारला त्याला 'काल' विचारलं तर तो परवा सांगतो.

तीन. जावात वर्षासाठी लहान वाय अक्षराऐवजी मोठं लिहिलं की साधं वर्ष न मिळता 'आठवड्याचं वर्ष' मिळतं. वर्षभर फरक कळत नाही. ३० डिसेंबर २०२४ ला मात्र ते २०२५ सांगतं. हा बग वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात, अर्धं ऑफिस गोव्यात असताना उगवतो.

तिन्ही दुरुस्त करता येतात, मान्य. पण मुळात त्या गल्लीत जायचंच कशाला?

सर्व्हरलाच विचारा ना, 'तुझ्याकडे काय काय आहे?' ही सोय काही कालपरवाची नाही. फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा पहिला मसुदा १९७१ च्या एप्रिलमध्ये अभय भूषण यांनी लिहिला, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून एमआयटीत गेलेला आपला माणूस. १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये तर यादी मागायच्या दोन कमांड आहेत, लिस्ट आणि एनएलएसटी. एसएफटीपीतही यादी मिळते. आपण मात्र यादी न मागता अंधारात एकेक नाव पुकारत बसतो.

तर कृती अशी. सर्व्हरवरची यादी घ्या. आपल्याकडे आधी आलेल्या फाईलींची नोंद ठेवा, ही झाली काकांची वही. यादीतून वही वजा करा. उरेल ते सगळं उतरवा, मग ते कालचं असो की मागच्या मंगळवारचं. फाईल पूर्ण आली, नोंदींची संख्या जुळली, की मगच वहीत खूण करा. खूण करताना नावाबरोबर आकार आणि वेळही लिहा, कारण दुरुस्त केलेली फाईल त्याच नावाने परत ठेवणारे महाभाग असतात. नावातली तारीख वाचायची ती फाईल हातात आल्यावर, आतल्या तारखेशी ताडून बघायला.

यात तारखेचं गणित कुठेय? नाहीच. सर्व्हर दोन दिवस बंद होता? तिसऱ्या दिवशी तिन्ही फाईली येतील. स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली? दुसऱ्यांदा काहीच होणार नाही. पहाटे चारलाच चालवायचा हट्टही नको, दर अर्ध्या तासाने चालवा. आणि जिथे सर्व्हर यादी देतच नाही, तिथे नावं बनवा हवं तर, पण मागच्या दहा दिवसांची बनवा आणि वहीत नसलेलं प्रत्येक नाव पुन्हा मागा.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. टपरीवर तो मुलगा म्हणाला, "पण फाईल आलीच नाही तर तुमच्या वजाबाकीत काय उरणार? शून्य. म्हणजे तुमचीही स्क्रिप्ट गप्पच." बरोबर आहे. म्हणून एक गजर लागतोच. सकाळी नऊपर्यंत नवीन काहीच आलं नाही तर माणसाला फोन. सुट्टीच्या दिवशी तो फोन उगाच वाजेल, माणूस शिव्या घालत बंद करेल आणि झोपेल. चालेल. काकाही नऊ वाजता बँकेत फोन करायचेच. खोट्या गजराची किंमत एका माणसाची झोपमोड. गप्प बसण्याची किंमत काय असते ते वर सांगितलंच आहे.

"एवढ्याशा कामाला इतकं कशाला?" हा दुसरा आक्षेप. एवढंसं काम? फाईल उतरवणं हे कधीच काम नव्हतं. प्रत्येक माणसाचा भरलेला हप्ता त्याच्या नावावर लागणं हे काम होतं. आपण तिकिटात लिहितो 'कालची फाईल डाउनलोड करणे' आणि मग तेवढंच करतो. हल्ली तर तेच वाक्य एआयला देतो. मी देऊन पाहिलं. दोन सेकंदांत छान टिपा वगैरे लिहिलेली, कालच्या तारखेवरून नाव बनवणारी स्क्रिप्ट हजर! त्याला तरी काय दोष द्यायचा? आपण मागितलं तेच त्याने दिलं.

गैरसमज नको. पहाटे साडेपाचला एका वयस्कर माणसाने फाईल उतरवायला हिंजवडी गाठावी याचा मी अजिबात पुरस्कर्ता नाही. ते काम मशीननेच करावं. पण एखाद्याच्या हातातलं काम काढून घेताना निदान आठवडाभर त्याच्या शेजारी बसा आणि फाईल येत नाही त्या दिवशी तो काय करतो ते बघा. जे ऑटोमेट करायचं ते तिथे असतं. मी काकांच्या शेजारी एक दिवसही बसलो नव्हतो.

असो. भांडणानंतर त्या मुलाने स्क्रिप्ट बदलली. सोमवारी दाखवतो म्हणालाय. नोंदी ठेवायच्या टेबलाला त्याने नाव दिलंय 'वही'.