दोन सायकली आणि एक प्लॅस्टर

आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. हसायचं नाही हं!

झालं काय, मागच्या महिन्यात पावसानं खेळाचा तास बुडाला. चौथीचा वर्ग नुसता चुळबुळत होता. मग माझी गाडी माझ्या आवडत्या विषयावर घसरली. मारामारीचे हिंदी सिनेमे! हो, बाईंनाही आवडतात. लहानपणी जत्रेतल्या तंबूत पोत्यावर बसून, शिट्ट्यांच्या गदारोळात पाहिलेत मी ते. १९९१ सालच्या 'फूल और कांटे'मध्ये अजय देवगण पहिल्यांदा दिसतो, तो प्रसंग मी रंगवून सांगितला. दोन मोटारसायकली शेजारी शेजारी पळतायत आणि हा पठ्ठ्या एक पाय हिच्यावर, एक पाय तिच्यावर ठेवून उभा! मी दोन बाकांवर पाय ठेवून दाखवलंसुद्धा. साडीत!

शनिवारी शाळा सुटल्यावर आमचा एक हीरो दोन सायकलींच्या कॅरिअरवर चढला. दोघा मित्रांनी सायकली ढकलल्या. एक गेली डावीकडे, एक उजवीकडे. मधला खाली. हात मोडला.

मी त्याच्या घरी गेले. त्याची आई मला एका शब्दानं बोलली नाही, उलट चहा टाकला. त्यानं तर मला आणखीच मेल्यासारखं झालं. हीरो मात्र उशीला टेकून बसलेला. म्हणाला, "बाई, मग अजय देवगण कसा नाही पडला?"

आता काय सांगणार? म्हटलं, अरे, त्याचे वडील वीरू देवगण सिनेमातली मारामारी बसवणारे. ही विद्या त्याच्या घरातलीच. आणि सिनेमात काय, आपल्याला जे व्हावंसं वाटतं तेच होतं. मनमोहन देसाईंचा १९७७ चा 'अमर अकबर अँथनी' आठव. ताटातूट झालेले तिघे भाऊ शेजारच्या खाटांवर, तिघांचं रक्त एकाच बाटलीत चढतं आणि तिथून थेट आईला! ती आपली आई आहे हे त्यांना ठाऊकसुद्धा नाही. कुठल्या दवाखान्यात असं करतात? कुठल्याच नाही. पण मला दर वेळी रडू येतं. एरवी आपल्याकडे दांडगा पोरगा रांगेत पुढं घुसतो आणि आपण गप्प बसतो. सिनेमात मात्र स्टेशनवरचा साधा हमालही दांडग्याला लोळवतो. मग शिट्टी वाजणारच की!

तो हमाल म्हणजे 'कुली'तला अमिताभ बच्चन. त्याची गोष्ट मात्र मी हळू आवाजात सांगितली. २६ जुलै १९८२ ला बंगळूरमध्ये मारामारीचं शूटिंग चाललं होतं. टेबलाचा कोपरा पोटात लागला आणि तो मरता मरता वाचला. देशभर लोकांनी नवस बोलले. १९८३ ला सिनेमा आला, तेव्हा नेमक्या त्या क्षणी चित्र थांबवून पडद्यावर तसं लिहून दाखवलं. एरवी 'ढिशूम' आवाज नंतर भरतात. इथं मार खरा होता.

"आणि 'शोले'तला टांगा?" पोरगं सोडतंय कुठं! १९७५ च्या 'शोले'त बसंती टांगा उधळत पळवते ना, तिथे अवघड जागी हेमा मालिनीऐवजी रेश्मा पठाण ही स्टंट करणारी बाई होती. चेहरा हेमाचा, धोका रेश्माचा.

तो बराच वेळ प्लॅस्टर खाजवत बसला. मग म्हणाला, "मग बाई, पोस्टरवर तिचं चित्र का नाही?"

मला उत्तर सुचेना. चहा निवत चालला होता. त्यानंच पेन पुढं केलं, "सगळ्यांनी सही केलीय, तुम्ही पण करा."

केली. लाल पेनानं. सवयच ना!