‘दुखतंय’ म्हणजे काय, बाई?

भिलाईच्या रुआबांध्यात मराठी घरातले बौद्धिक अक्षमता असलेले मूल मोजकेच शब्द घेऊन हिंदी शाळेत जाते: नको, पुरे, दुखतंय. बाईंना ते उमगले नाहीत की मूल हट्टी ठरते! शिक्षिकांनी पहिल्याच आठवड्यात आईला शेजारी बसवून असे शब्द, खुणा वहीत उतरवून घ्याव्यात. तीच वही रोज घरी जावी. तीत आज काय जमले ते आधी लिहावे. तक्रारींनी या आईचे कान किटलेलेच असतात.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तेव्हा पालकांनी ओशाळून बोलू नये. वडील पोलाद कारखान्यात पाळीवर असतील, तर भेटीची वेळ परस्पर ठरवू नका. या आठवड्यात कोणती पाळी, ते आधी विचारा.