मुळांभोवतीची माती आणि औषधींचे गुण

अश्वगंधा विकत घेताना आपण काय पाहतो? मुळाची जाडी, लांबी, रंग आणि अर्थातच भाव. नीमचच्या बाजारातून आलेल्या मालाची प्रतवारी झालेली असते. ते मूळ कोणत्या मातीत वाढले, याचा उल्लेख मात्र सहसा नसतो. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात भूमिप्रविभागासाठी स्वतंत्र अध्याय योजला, चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या आरंभीच देश व भूमी यांचा विचार केला. आज तो विषय बहुधा परीक्षेपुरता उरला आहे.

आचार्यांना जिवाणू ठाऊक होते, असा दावा करण्याची आम्हांस मुळीच आवश्यकता वाटत नाही. भूमीनुसार द्रव्याचे गुण बदलतात हे त्यांचे निरीक्षण होते. त्यामागील एक कारण आज स्पष्ट होत आहे, इतकेच.

मुळाला लगटून असलेल्या मातीच्या थराला जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले. मूळ केवळ शोषून घेत नाही, ते देतेही. शर्करा व सेंद्रिय आम्ले स्रवून ते सूक्ष्मजीवांचे पोषण करते. यष्टिमधु, बाकुची यांच्या शिंबी कुलातील वनस्पती फ्लेव्होनॉइड द्रव्ये सोडून रायझोबियम जिवाणूंना जणू आमंत्रण देतात. मग मुळांवर गाठी येतात आणि हवेतील नत्र वनस्पतीला मिळतो. शतावरी, अश्वगंधा यांच्या मुळांत मायकोरायझा ही बुरशी वस्ती करते. तिचे तंतू केशमुळांहूनही बारीक असल्याने, जेथे मूळ पोहोचत नाही तेथील स्फुरद ते आणून देतात व मोबदल्यात शर्करा आणि स्निग्धांश घेतात. (राई, अहाळीव यांच्या कुलाला सामान्यतः या बुरशीचे सख्य नाही. तेव्हा प्रत्येक पिकाला तिची पुडी विकणाऱ्यांपासून सावध असावे.)

वैद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हा सहवास वनस्पतीची वाढच नव्हे, तिची द्रव्यघटनाही बदलू शकतो. आर्टेमिसिया ॲन्युआ या वनस्पतीत मायकोरायझामुळे आर्टेमिसिनिनचे प्रमाण वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. थरच्या वाळवंटातील झुडपांच्या मुळांभोवती सापडलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशी वापरून अश्वगंधेची वाढ चांगली झाल्याचे शेतातील प्रयोगाअंती २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात बुरशी, माती व वनस्पती यांची जोडी बदलली की परिणामही बदलतो. मूळ जाड झाले म्हणजे वीर्यवान झाले असे नव्हे.

दुसरीकडे, सुपर फॉस्फेटचा मारा झाला की वनस्पती या बुरशीला थारा देणे कमी करते. वारंवार नांगरणीने तिचे जाळे तुटते, काही बुरशीनाशकांनी ती मरते. बाजारातील प्रतवारीला यातले काहीच दिसत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, लागवडीचा माल घेताना फार्मसीचालकांनी माती परीक्षणाचा अहवाल, दिलेली खते व फवारण्या आणि आधीचे पीक यांची नोंद मागावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही अशा नोंदी अपेक्षित आहेत. जेथे शक्य तेथे दोन शेतांतील मुळांची विथॅनोलाइडसाठी तुलनात्मक तपासणी करावी. शेणखतावर, कमी स्फुरदात वाढलेल्या मालाला किलोमागे चार पैसे अधिक मोजण्याची आपली तयारी नसेल, तर शेतकरी जाडजूड मुळांचेच पीक घेईल. त्याच्या बाजूने तो हिशेब चुकीचा नाही.